लाल पेन्सिलीने खोडलेला शब्द

हॅलम फार्म, लिमुरू
३ जुलै १९३४

प्रिय न्याकिओ,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. पाच वर्षांनी पत्र पाठवायचं, त्यात ना कशी आहेस, ना बरी आहेस, एकदम कामाचंच बोलायचं, ही तुझी सवय मास्तरीण झाल्यावरही गेलेली दिसत नाही. मी मात्र मुद्दाम तुझ्या गिकुयूत लिहायला बसले आहे. मार्चपासून ही भाषा तोंडात घेतलेली नाही, त्यामुळे चुका होतील. सांभाळून घे.

तू विचारतेस, मार्चमधल्या जमिनीच्या सुनावणीत मी दुभाषी होते तेव्हा मुचोकीबाबांच्या 'मुहोई' या शब्दासाठी मी इंग्रजीत कोणता शब्द वापरला. तो कागदावर लिहून, खाली सही करून पाठव म्हणतेस. निकालावर हरकत घ्यायची मुदत तीस सप्टेंबरला संपते हेही बजावतेस. अगं, चार महिने झाले त्याला. दिवसभर उभी राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत होते मी. कुठल्या शब्दाला कुठला शब्द दिला हे कोणाच्या लक्षात राहतं? त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की उकडत होतं आणि गर्दीत माझा एक हातमोजा हरवला. चांगली जोडी होती, फुकट गेली.

आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या भाऊरायाने, राल्फने, तुमच्या नऊ घरांच्या जागी कॉफी लावली. रोपांनी छान जोर धरलाय, तिथली माती शेणाराखेने कसदारच होती. हे लिहायला नको होतं, पण शाईने लिहून झालंय.

बाबांना नव्या जागी थंडी वाजत असेल तर दोन जाड घोंगड्या पाठवते. त्यांना सांग, कोर्टकचेऱ्या काय, येतात आणि जातात. माझे डॅडी आणि तुझे बाबा तेवीस वर्षं एकमेकांचे मित्र होते, ते काही कोणी पुसू शकत नाही.

तुझी,
कानीनी

---

२९ जुलै १९३४

प्रिय न्याकिओ,

माझंच पत्र मला परत. आणि तेही तपासून!

पाकीट फोडलं तेव्हा वाटलं, चुकून आलं असेल. मग लाल पेन्सिल दिसली. अकरा चुका. कुठे प्रत्यय चुकलेला, कुठे स्वर. प्रत्येक ठिकाणी वर बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहिलेला, शाळेतल्या पोरीच्या वहीत लिहावा तसा. मला आधी हसू आलं, मग राग आला. मग ते दोन शब्द दिसले, जे तू नुसते खोडलेस आणि वर काहीच लिहिलं नाहीस. एक 'मित्र'. दुसरा माझ्या सहीतला 'कानीनी'.

कानीनी हे नाव मला तुझ्या आईने ठेवलं होतं. छोटी, म्हणून. ते तू काढून घेऊ शकतेस, तुमच्याच घरचं आहे. पण 'मित्र' का खोडलास हे मला कळलं नाही, असं मी लिहिणार होते. दोनदा लिहून फाडलं.

ठीक आहे. मुहोई म्हणजे मित्र नाही. मुहोई म्हणजे मागणारा. दुसऱ्याच्या टेकडीवर येऊन जो राहायला आणि पेरायला जागा मागतो तो. जागा मिळते, पण ती त्याची होत नाही. दर पिकाला त्याने मालकाला उसाची दारू न्यायची, मालकाचं घर उभं राहत असेल तर हात लावायचा, आणि नीट वागायचं. हे तुला मी सांगायला नको. मला हे सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. तुझ्या बाबांनी बाजारात कोणाला तरी माझे डॅडी दाखवले होते, तेव्हा आपण दोघी शेंगा खात शेजारी उभ्या होतो.

"हा आमचा गोरा मुहोई," बाबा म्हणाले. "बिचारा लांबून आलाय. बायको आहे, पोरं आहेत, शेळी एक नाही."

"आणि कातडं बघा, भाजून निघालंय," तो माणूस म्हणाला.

"होईल बरं. माणूस वाईट नाही. दारू वेळेवर आणतो."

डॅडी हसून मान डोलवत होते. त्यांना वाटत होतं आपलं कौतुक चाललंय. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, मुचोकी मला चारचौघांत दोस्त म्हणाला. आई म्हणाली, "इथली माणसं भाबडी असतात, थोडं गोड बोललं की पायाशी बसतात." तुझ्या घरातल्या बायका माझ्या आईला काय म्हणायच्या हे तिला कधी कळलं नाही ते बरंच झालं. जिला लाकडाची एक मोळी उचलता येत नाही ती बाई नवऱ्याला कशी परवडते, असं त्या विचारायच्या.

डॅडींकडे सरकारी कागद होता, पाचशे एकरांचा. तुझ्या बाबांकडे दर हंगामाची दारू होती. दोघांनाही वाटत होतं, जागा आपली आहे आणि दुसऱ्याला आपण सांभाळून घेतोय. अशी तेवीस वर्षं गेली.

सुनावणीत मला इंग्रजीत नेमका शब्द सापडला नाही, एवढंच. आमच्या भाषेत अशा माणसाला शब्दच नाही. त्यात माझा काय दोष?

विनिफ्रेड

---

१८ ऑगस्ट १९३४

न्याकिओ,

या वेळी तू एकच वाक्य अधोरेखित केलंस. 'शब्द सापडला नाही.' बाकी व्याकरणाला हातही लावला नाहीस. पत्र टपालात पडायच्या आधीच मला माहीत होतं की हेच वाक्य परत येणार.

शब्द होते. भाडेकरू होता. कूळ होतं. 'याच्या परवानगीने राहणारा' असं चार शब्दांत सांगता आलं असतं. मी नऊ वर्षांची असताना डॅडींना सांगितलंच होतं की. एकदा जेवताना ते पुन्हा 'माझा दोस्त मुचोकी' म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "डॅडी, मुहोई म्हणजे दोस्त नव्हे. म्हणजे तुम्ही त्यांच्या जागेत राहता."

राल्फ खो खो हसला. डॅडी हसले नाहीत. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "विन, घरात बोललीस ते बोललीस. बाहेर बोलू नकोस."

त्यानंतर एक बदल झाला, तो कदाचित तुझ्याही लक्षात आला असेल. तोवर दारूचा भोपळा आमच्या नोकराच्या हाती जायचा. त्या वर्षापासून डॅडी स्वतः घेऊन जायला लागले. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळलं, आणि त्यांनी दारूही चालू ठेवली आणि कागदही जपून ठेवला. मी त्यांचीच मुलगी आहे.

ते गेल्यावर राल्फने दारू बंद केली. दोन हंगाम गेले तेव्हा तुझ्या बाबांनी विचारायला माणूस पाठवला. राल्फ क्लबात सांगत सुटला, "म्हाताऱ्याला फुकटच्या दारूची चटक लागलीय." सगळे हसले. मीही तिथे होते. मी हसले नाही असं लिहिलं असतं, पण तू खोडशील. मग राल्फला कॉफीसाठी वरचा उतार हवा झाला, त्याने नऊ घरांना नोटीस दिली, आणि तुझे बाबा जमिनीच्या सुनावणीला गेले.

त्यांनी स्वतः सांगितलं, दुभाषी म्हणून कानीनीच हवी. माझ्या अंगणात वाढलेली पोर आहे, माझा शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

त्या दिवशी सकाळी न्याहारीला राल्फ माझ्या समोर बसला. ओरडला वगैरे नाही. पावाला लोणी लावत म्हणाला, "आज तू जे बोलशील त्यावर हे घर उभं राहील नाहीतर पडेल. तो म्हातारा काहीही म्हणाला तरी त्याचा अर्थ तू सांगणार आहेस. कळलं?"

"राल्फ, मी शपथ घेणार आहे."

"घे ना. डॅडी त्याला दोस्तच म्हणायचे. तू डॅडींचा शब्द वापर. ते खोटं कसं होईल?"

किती सोपं करून दिलं त्याने. आणि खरं सांगायचं तर, मी तेच शोधत होते.

आता काय घडलं ते लिहिते. बाबा उभे राहिले. अंगावर माकडाच्या कातड्याचं पांघरूण, हातात वडीलधाऱ्यांची मानाची काठी. ते म्हणाले, "हा गोरा माझा मुहोई होता. त्याने मागितलं, मी राहायला दिलं."

मी इंग्रजीत म्हणाले, "हा गोरा माझा मित्र होता. त्याने मागितलं, मी देऊन टाकलं."

दोन शब्द बदलले. 'मुहोई'चं 'मित्र' केलं, आणि 'राहायला दिलं'चं 'देऊन टाकलं'. पहिल्याबद्दल मी डॅडींच्या आड लपू शकते. दुसऱ्याबद्दल नाही. तो माझा एकटीचा.

सुनावणी घेणाऱ्या साहेबाने विचारलं, या मित्राकडून काही भेटी मिळत होत्या का. मी बाबांना विचारलं, "तो दारू आणायचा का?"

"आणायचा. एकदाही चुकला नाही," बाबा अभिमानाने म्हणाले.

साहेब लिहून घेताना गालात हसला. बाबांना वाटलं, त्याला पटलं. आपण जिंकलो असंच त्यांना वाटलं, न्याकिओ. बाहेर झाडाखाली त्यांनी मला हाक मारली, "कानीनी, हात दे." मी हात पुढे केला. ते म्हणाले, "कातडं काढ ते." मग मी हातमोजा काढला. त्यांनी माझ्या तळहातावर थुंकून आशीर्वाद दिला, घरच्या लेकीला देतात तसा. "तुझ्या जिभेला मध लागो," म्हणाले.

हातमोजा गर्दीत हरवला नव्हता. तो हात पुन्हा त्यात घालवेना, म्हणून मी तो गाडीतून टाकून दिला. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतला. आशीर्वाद धुतला की माझं केलेलं धुतलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती, आणि तरी रात्रीचं जेवण मी पोटभर जेवले.

विनिफ्रेड

---

११ सप्टेंबर १९३४

न्याकिओ,

पत्र परत आलं नाही. एक चिठ्ठी आली. 'हे मला लिहून काय उपयोग? त्यांना लिही. तीस सप्टेंबर.'

मला वाटलं होतं तू निदान म्हणशील, बरं केलंस सांगितलंस. तुला सगळं सांगितलं की माझं काम संपलं, असं मी मनात धरून बसले होते. हे वाचून मला कळलं की मी तुझ्याकडेही पुन्हा मागायलाच आले होते, आणि दारूसुद्धा न आणता.

सगळं सुनावणीवाल्यांना लिहून देणार असं राल्फला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय वाटतं, ती माणसं तुझे आभार मानतील? उद्या सगळ्या डोंगरावरचे म्हातारे उठतील आणि म्हणतील, आमचाही गोरा मुहोई होता. आपल्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन काढायला निघालीस तू."

"आहेच ती त्यांची, राल्फ."

"मग डॅडी काय होते? चोर?"

डॅडी चोर नव्हते. त्यांच्या हातून झालं ते मात्र चोरीसारखंच झालं. माझं वेगळं आहे, मी ठरवून केलं.

"आपल्या माणसांत राहायचं की त्यांच्यात, ते ठरव," राल्फ म्हणाला. "सही केलीस तर या घरात खोली नाही तुला."

अजून एकोणीस दिवस आहेत. मी हे लिहून पाठवते आहे, पण सही केलेली नाही. घाबरले आहे. माझं वय छत्तीस, लग्न नाही, हातात कला एकच, आणि तीही आता कोणी विश्वासाने वापरणार नाही. हे रडगाणं आहे हे मला कळतं. तुझ्या बाबांना घर सोडायला चौदा दिवस दिले होते.

विनिफ्रेड

---

नैरोबी
२८ सप्टेंबर १९३४

न्याकिओ,

काल दिलं.

कचेरीतला कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याने माझं म्हणणं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. "बाईसाहेब, म्हणजे तुम्ही शपथेवर खोटा अर्थ सांगितलात, असं लिहायचंय तुम्हाला?"

"हो."

"तुमच्यावर खटला होऊ शकतो. आपण असं करू, 'भाषेच्या अडचणीमुळे गैरसमज झाला' असं लिहू. परिणाम तोच होईल, आणि तुम्हीही सुटाल."

न्याकिओ, मी हो म्हटलं. त्याने लिहिलंसुद्धा. सही करायला लेखणी घेतली तेव्हा त्या वाक्याखाली तुझी लाल रेघ मला दिसायला लागली. मी त्याला म्हटलं, हे खोडा. तो म्हणाला, नीट विचार करा. मी म्हटलं, विचारच करत होते इतके दिवस. मग मी स्वतः लिहिलं. दोन्ही शब्द, त्यांच्या जागी मी घातलेले दोन्ही शब्द, आणि 'मला खरा अर्थ माहीत होता' हे वाक्य. खाली सही. पोच सोबत जोडली आहे, ती जपून ठेव.

निकाल बदलेल का, हे त्याने सांगितलं नाही. कागद वर पाठवतो म्हणाला. वर म्हणजे आमचीच माणसं बसतात. मी फार आशा दाखवत नाही.

राल्फने माझी ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवली होती. सध्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे जागा मागून राहते आहे. मागून राहते, हे लिहिताना हात थांबला.

विनिफ्रेड

---

१४ ऑक्टोबर १९३४

न्याकिओ,

तुझ्या बाबांना भेटून आले. तू शाळेमुळे महिनोन्महिने जाऊ शकत नाहीस, म्हणून सगळं लिहिते.

दारू मी स्वतः केली. ऊस विकत आणला, कुटला, मध घातला, आठवणीने जमेल तशी आंबवली. शिवणवाली बाई नाक दाबून फिरत होती. भोपळा पाठीवर घेतला आणि पट्टा कपाळावर, तुझी आई घ्यायची तसा. दोन तासांची चढण. वाटेवरच्या बायका मला बघून बसकण मारून हसल्या. "अगं, हिची मान मोडेल," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मोडू दे, शिकेल." माझ्या कपाळावर अजून वळ आहे. तुझ्या आईच्या कपाळावर कायमची खाच होती, त्यावर आपण लहानपणी बोट फिरवायचो.

बाबांचं घर टेकडीच्या अगदी टोकाला आहे, जिथे माती संपते आणि खडक लागतो तिथे. एकच झोपडी. ते उन्हात बसले होते. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं.

"कानीनी? केवढी वाळलीस."

त्यांनी नाव घेतलं, मी काय करू. तुला राग येऊ नये म्हणून सांगते, मी त्या नावाला ओ दिली नाही. भोपळा त्यांच्या पायाशी ठेवला, गुडघ्यावर बसले आणि पाठ केलेलं म्हटलं. "मागायला आले आहे. माझ्या बापाच्या मागे राहिलेल्या हंगामांची ही दारू आहे. तुमच्या टेकडीवर राहायला जागा द्या."

मग मी सुनावणीतलं सगळं सांगितलं. कुठला शब्द होता, मी कुठला केला. गिकुयूत, त्यांच्या तोंडावर, एकही आडवळण न घेता. त्यांना ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. तूही सांगितलं नव्हतंस. का, ते मला कळलं. ते मीच सांगायचं होतं.

"मित्र," ते म्हणाले. "म्हणून तो हसला होय. मी म्हणतोय, हा माणूस माझ्या जागेत राहतो, आणि त्याला ऐकू येतंय, मी मित्राला जागा देऊन बसलो. वेडाच वाटलो असेन मी त्याला."

"बाबा, माझ्या जिभेला तुम्ही मध मागितला होता."

"मागितला होता," ते म्हणाले. त्यांनी क्षमा केली नाही, शापही दिला नाही. भोपळ्याचं तोंड उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं. दोन थेंब जमिनीवर सांडले, गेलेल्यांसाठी. मला वाटलं, आता पितील. प्यायले असते तर मी तिथेच रडले असते आणि हलकी होऊन घरी गेले असते.

त्यांनी भोपळा पुन्हा बंद केला आणि तुझ्या वहिनीला हाक मारली. "हा खाली गाचेरूकडे पोचव. म्हणावं, मुचोकीची यंदाची दारू."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती टेकडी गाचेरूच्या घराण्याची आहे. तुझे बाबा तिथे मागून राहतात. ज्यांनी आमच्यासारख्यांना जागा दिली ते मुचोकी सत्तरीत दुसऱ्याचे मुहोई झाले आहेत, आणि खडकावर ऊस होत नाही म्हणून त्यांचा हंगाम चुकला होता. हे तू मला कधी लिहिलं नाहीस. राल्फच्या कॉफीची रोपं छान आहेत हे मात्र मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

वहिनीने भोपळा पाठीला लावला आणि ती उतारावरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बाबा त्या दिशेला तोंड करून बसले होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दोन महिने मी त्याच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. चांगली केलीस हो. माझी लाज राखलीस."

या पत्रातही चुका असतील, त्या तपास. पण बाबांचं हे शेवटचं वाक्य मी ऐकलं तसंच लिहिलं आहे. त्यातला एकही शब्द बदललेला नाही.

विनिफ्रेड हॅलम